चित्राखालची ओळ कुठे गेली?

गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी शाळेत बोलायला गेले होते. विषय दिलेला होता ‘ग्रहांचा शोध’. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मुलांनी वर्तमानपत्रांतली कात्रणे, दिनदर्शिकेची पाने आणि विकत आणलेले तक्ते चिकटवून सूर्यमाला उभी केली होती. एका टोकाला लालभडक मंगळ, दुसऱ्या टोकाला निळीत बुडवून काढल्यासारखा नेपच्यून आणि मधोमध शुक्रावरचा एक प्रचंड ज्वालामुखी. नारिंगी रंगाचा, अणकुचीदार, अंगावर येणारा. त्याच्याखाली ठळक अक्षरांत एवढेच लिहिलेले : ‘शुक्रावरील पर्वत’.

भाषण संपल्यावर नववीतली एक मुलगी त्या चित्रापाशी रेंगाळली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही आत्ताच सांगितलंत की शुक्रावर कायम ढग असतात, तिथून सूर्यसुद्धा दिसत नाही. मग या डोंगराच्या वरचं आकाश काळं कसं?”

मी तिला जे उत्तर दिले ते अर्धेमुर्धे होते. पूर्ण उत्तर द्यायचे तर चांद्रमोहिमा आणि ग्रहमोहिमांचा इतिहास जरा वेगळ्या बाजूने सांगावा लागतो. आपण शिक्षक हा इतिहास बहुधा ‘पहिल्यां’च्या यादीतून शिकवतो. चंद्रावर आदळलेले पहिले यान, अलगद उतरलेले पहिले यान, मंगळाचे पहिले छायाचित्र, शुक्राच्या जमिनीवरून आलेले पहिले छायाचित्र. तारखा पाठ होतात, परीक्षेत गुण मिळतात. चित्रे या यादीच्या कडेला शोभेसाठी येतात. माझी तक्रार आहे ती या शोभेबद्दल. यानाने पाठवलेले चित्र हे मुळात मोजमाप असते. तापमापीवरच्या आकड्याइतकेच. तापमापीचा आकडा आपण एकक लिहिल्याशिवाय स्वीकारत नाही, पण ग्रहाचे चित्र मात्र कोणत्या यंत्राने, कोणत्या प्रकाशात, किती ताणून तयार केले आहे हे न विचारता भिंतीवर लावतो. मूळ प्रसिद्धीच्या वेळी ही माहिती चित्राखाली बहुतेक वेळा छापलेली असते. ती ओळ प्रयोगशाळेपासून शाळेच्या भिंतीपर्यंतच्या प्रवासात कुठेतरी गळून पडते.

सुरुवात शुक्रापासूनच करू. तो डोंगर म्हणजे माट मॉन्स. तो ‘मॅगेलन’ या अमेरिकी यानाने आपल्याला दाखवला. हे यान मे १९८९ मध्ये निघाले, ऑगस्ट १९९० मध्ये शुक्राभोवती फिरू लागले आणि ऑक्टोबर १९९४ पर्यंत त्याने शुक्राच्या सुमारे ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा तयार केला. यानावर नेहमीच्या अर्थाने कॅमेरा नव्हताच. शुक्राचे ढग दृश्य प्रकाशाला आरपार जाऊ देत नाहीत म्हणून मॅगेलनने रडार वापरले. रेडिओ लहरी खाली सोडायच्या आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपायचा. जमीन खडबडीत असेल तर लहरी सगळीकडे विखुरतात, त्यातल्या बऱ्याच यानाकडे परततात आणि चित्रात ती जागा उजळ दिसते. जमीन गुळगुळीत असेल तर तिरप्या येणाऱ्या लहरी आरशावरून उसळल्यासारख्या दुसरीकडे निघून जातात, ती जागा काळी दिसते. म्हणजे मॅगेलनच्या चित्रातला काळा-पांढरा हा सावली आणि उजेड नव्हे. मुख्यतः तो गुळगुळीत आणि खडबडीत यांतला फरक आहे.

यानावर उंची मोजणारे वेगळे उपकरण होते. संगणकाने आधी त्या उंचीच्या आकड्यांचा सांगाडा उभा केला आणि मग रडारचे चित्र एखाद्या चादरीसारखे त्यावर पांघरले. आता शुक्राचा बहुतेक पृष्ठभाग पाहिला तर बराच सपाट आहे. खऱ्या प्रमाणात काढला असता तर डोंगर डोळ्यांना जाणवलाच नसता. म्हणून उभी मोजपट्टी ताणली गेली. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या अशा काही चित्रांत ती आडव्या मोजपट्टीच्या साडेबावीस पट होती. हा आकडा किती मोठा आहे याचा अंदाज फळ्यावर सहज देता येतो. तीन अंशांचा उतार घ्या, म्हणजे साधारण १९ मीटर चालल्यावर १ मीटर चढ. सायकल न उतरता चढता येईल असा. त्याला साडेबावीस पट ताणले की १९ मीटरला साडेबावीस मीटर चढ होतो. म्हणजे जवळजवळ ५० अंशांचा कडा! त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना हे गणित घालून पाहा. ग्रहवैज्ञानिक डेव्हिड मॉरिसन या चित्रांना इतके वैतागले की ‘शुक्र सपाट आहे’ असे म्हणणाऱ्यांची एक मंडळीच काढावी, असा टोला त्यांनी १९९२ साली हाणला होता.

मग रंग? तोही मॅगेलनचा नाही. रडारला रंग कळत नाही. तो नारिंगी रंग रशियन ‘व्हेनेरा-१३’ आणि ‘व्हेनेरा-१४’ या यानांकडून उसना घेतलेला आहे. मार्च १९८२ मध्ये ही दोन्ही याने शुक्रावर उतरली. व्हेनेरा-१३ ची अपेक्षा अर्ध्या तासाची होती, ते ४५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात आणि पृथ्वीच्या जवळजवळ ९० पट दाबाखाली १२७ मिनिटे टिकले, आणि त्याने रंगीत छायाचित्रे पाठवली. त्यांत सारे नारिंगी दिसते. पण त्या जाड वातावरणातून निळा प्रकाश खाली पोचतच नाही. नारिंगी कागदाच्या कंदिलाखाली पांढरा सदरासुद्धा नारिंगीच दिसेल, तसे हे आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील कार्ली पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा प्रकाशाचा परिणाम वजा करून पाहिला, तेव्हा तेच दगड करड्या रंगाचे निघाले. आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण ज्या कुळातला, त्याच बेसाल्टच्या कुळातले.

आणि काळे आकाश? त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर हे, की ते आकाश नाहीच. मॅगेलनने जमिनीची मोजणी केली, आकाशाची नाही. डोंगराच्या वरच्या जागेत संगणकाजवळ भरायला काही नव्हते. ती जागा रिकामी राहिली आणि रिकामी जागा काळी छापली गेली.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे वैज्ञानिकांनी आपल्याला फसवले. तसे मी म्हणत नाही. उंची ताणल्याशिवाय शुक्रावरच्या लाव्ह्याच्या वाटा, मंद उतार आणि खोलगट भाग अभ्यासकाला दिसत नाहीत. ताणणे हे साधन आहे. किती ताणले ते चित्राखाली लिहिलेले होते. पण डोंगर जितका अणकुचीदार, तितका तो दिनदर्शिकेवर शोभतो, आणि ज्याने चित्र उचलले त्याने साडेबावीसचा आकडा उचलला नाही.

चित्रावर प्रक्रिया करणे म्हणजे लबाडी, असे समजणाऱ्यांना मी नेहमी लिंडा मोराबितो यांची गोष्ट सांगते. मार्च १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर-१’ गुरूजवळून गेले. ८ मार्चला, यान पुढे निघून गेल्यावर, त्याने गुरूचा उपग्रह आयो याचे मागे वळून एक चित्र घेतले. हे चित्र कुणाला दाखवण्यासाठी नव्हते. पार्श्वभूमीवरच्या ताऱ्यांवरून यानाची नेमकी दिशा ठरवायची, एवढाच हेतू. मोराबितो यान-मार्गदर्शनाच्या गटात काम करीत. अंधूक तारा दिसावा म्हणून त्यांनी चित्राचा उजळपणा भरपूर वाढवला. त्यामुळे आयोची कोर पार जळून गेल्यासारखी पांढरीफटक झाली, सौंदर्याच्या दृष्टीने चित्र वाया गेले. पण आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखे काहीतरी उमटले. ते २६० किलोमीटरहून अधिक उंच उडालेले ज्वालामुखीचे फवारे होते. पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा, एका कुरूप, अति ताणलेल्या चित्रात. गुरूच्या ओढाताणीमुळे आयोचे अंतरंग तापलेले असावे, असे भाकीत करणारा शोधनिबंध अवघ्या काही दिवसांपूर्वी, त्याच महिन्यात, छापून आला होता!

याच आयोची जी चित्रे भिंतीवर येतात ती मात्र वेगळी. लाल, केशरी, काळ्या ठिपक्यांची. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यांना लाल प्रकाश नीट दिसत नव्हता. निरनिराळ्या फिल्टरमधून घेतलेली चित्रे एकत्र करून आणि रंगांतला फरक वाढवून ती तयार केली होती. प्रत्यक्ष डोळ्यांना आयो बराच फिकट, पिवळसर दिसेल. मोराबितोंचे चित्र तक्त्यावर कधीच नसते. मला विचाराल तर त्या दोहोंतले ठेवण्याजोगे तेच आहे.

आता जरा मागे जाऊ, कारण चित्र वाचण्याची चूक फक्त दिनदर्शिका छापणारे करतात असे नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या ‘ल्युना-३’ ने चंद्राची पाठची बाजू प्रथमच टिपली. यानातच फिल्म धुतली गेली, सुकवली गेली, प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने वाचली गेली आणि रेडिओवरून पृथ्वीकडे पाठवली गेली. त्या काळाचा विचार केला तर थक्क करणारे काम! चित्रे अतिशय धूसर होती. तरी त्यांवरून एक मोठी गोष्ट बरोबर कळली. चंद्राच्या पुढच्या बाजूला जे काळे सपाट प्रदेश आपण ‘सागर’ म्हणून ओळखतो ते मागच्या बाजूला फारच थोडे आहेत. पण त्याच धूसर चित्रात एक लांब उजळ पट्टा होता. तो पर्वतरांग समजला गेला आणि त्याला ‘सोव्हिएत पर्वत’ असे नावही दिले गेले. पुढे अधिक चांगली चित्रे आल्यावर लक्षात आले की तिथे पर्वत नाहीत. उल्कापाताने विवर तयार होताना उधळलेल्या मातीचे ते उजळ पट्टे होते. नाव नकाशावरून काढून टाकावे लागले. विज्ञानाचा इतिहास म्हणून मला ल्युना-३ इतकाच हा खोडलेला पर्वतही महत्त्वाचा वाटतो. ‘पहिल्यां’च्या यादीत त्याला जागा नाही.

फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘ल्युना-९’ चंद्रावर अलगद उतरले. त्याचे संदेश इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक येथील रेडिओ दुर्बिणीनेही पकडले. वर्तमानपत्रे ज्या यंत्राने तारेवरून चित्रे मिळवीत तसल्याच यंत्राने ते उलगडतील असे तिथल्या लोकांना वाटले. त्यांनी एका वृत्तपत्राचे यंत्र मागवले आणि खरोखरच चित्र उमटले. रशियाने प्रसिद्ध करण्यापूर्वीच ते इंग्लंडमध्ये छापून आले. फक्त आडव्या आणि उभ्या मोजपट्टीचे प्रमाण चुकले होते, त्यामुळे चंद्रावरचे दगड होते त्याहून सुळकेदार दिसले. दगड सुळकेदार दिसण्याची ही हौस मॅगेलनच्याही आधीची, असे गमतीने म्हणता येईल.

मंगळाची गोष्ट मात्र गमतीवारी सोडून देण्याजोगी नाही, कारण तिथे चित्राने एका ग्रहाचे भवितव्यच ठरवले. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर-४’ मंगळाजवळून गेले. त्याच्या चित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० बिंदू होते. प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने सांगितलेला, म्हणजे द्विमान पद्धतीत सहा अंक. आठवी-नववीच्या मुलांकडून गुणाकार करून घ्या : २०० गुणिले २०० गुणिले ६, म्हणजे २,४०,००० अंक. यान दर सेकंदाला साधारण ८.३३ अंक पाठवू शकत होते. भागाकार केला की उत्तर सुमारे २८,८०० सेकंद येते, म्हणजे आठ तास. एका चित्राला! अशी एकवीस पूर्ण चित्रे आणि बाविसाव्याचा एक तुकडा उतरायला आठवड्याहून अधिक काळ लागला.

पहिले चित्र येऊ लागले तेव्हा यानावरचा टेप-रेकॉर्डर नीट चालला की नाही याची कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत सर्वांना धास्ती होती. संगणकाकडून चित्र तयार होऊन येईपर्यंत धीर न निघाल्याने रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीला लावल्या आणि कोणत्या आकड्यांना कोणता रंग हे ठरवून रंगीत खडूंनी त्या रंगवल्या. यानातून आलेले मंगळाचे पहिले चित्र हे असे हाताने रंगवलेले चित्र होते. पिवळे, तपकिरी, तांबूस. ते चौकटीत बसवून त्या प्रयोगशाळेत जपून ठेवले आहे. यातला एकही रंग मंगळाचा नव्हता, मोजमाप फक्त उजळपणाचे होते. पण मला हे चित्र सगळ्यांत प्रामाणिक वाटते. त्याच्यावर आकडे अजून दिसतात. एका बाजूला रंगांची यादीही आहे, कोणता रंग कोणत्या आकड्यांसाठी हे सांगणारी. म्हणजे चित्राखालची ओळ चित्रातच गुंफलेली आहे. ती कापून काढता येत नाही.

मरिनर-४ ची खरी अडचण रंगांची नव्हती. मंगळाचा जेमतेम एक टक्का भाग या चित्रांत आला होता आणि तो नेमका जुना, विवरांनी भरलेला भाग निघाला. चंद्रासारखीच विवरे, वातावरणही अतिशय विरळ. ‘मंगळ मृत आहे’ असा निवाडा वृत्तपत्रांनी देऊन टाकला. पुष्कळ जाणकारांचाही उत्साह मावळला. १९६९ मधल्या दोन यानांनीही तशीच विवरे दाखवली. मग नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘मरिनर-९’ मंगळाभोवती फिरू लागले. तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. वाट पाहावी लागली. धूळ खाली बसली तसा आधी चार ज्वालामुखींचे माथे वर आले, मग सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची दरी, मग नद्यांच्या कोरड्या पात्रांसारख्या खुणा. तोच मंगळ! उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांत हे सगळे होते. ‘मंगळाचे छायाचित्र’ या दोन शब्दांऐवजी ‘मंगळाच्या एक टक्का भागाची छायाचित्रे’ असे जर सर्वत्र छापले गेले असते, तर तो निवाडा इतक्या घाईने झाला असता का, असे मला राहून राहून वाटते.

मंगळाच्या आकाशाचीही अशीच कथा. २० जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग-१’ उतरले. दुसऱ्या दिवशी पहिले रंगीत चित्र आले. घाईत लाल, हिरव्या, निळ्या चित्रांचा जो मेळ जमवला त्यात आकाश निळसर दिसले आणि तसेच ते प्रसिद्ध झाले. मग यानावरच बसवलेल्या रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यावर कळले की आकाश निळे नाही, उडत्या धुळीमुळे ते गुलाबीसर आहे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क हुर्यो केली. त्यांना मंगळ पृथ्वीसारखा हवा होता. यानावरचा तो छोटासा रंगतक्ता मी वर्गात नेहमी सांगते. रंग सांगायचा तर ज्याचा रंग आधीच ठाऊक आहे अशी वस्तू त्याच प्रकाशात शेजारी ठेवावी लागते. हे कुठल्याही साडीच्या दुकानात कळते. बायका पदर धरून दुकानाच्या दारात उजेडात जातात ते उगीच नाही.

या सगळ्यात मी स्वतः साळसूद आहे असे नाही. माझे काम दूरसंवेदनाचे. उपग्रहाच्या चित्रांत आम्ही हिरवी पिके मुद्दाम लाल रंगात दाखवतो, कारण वनस्पती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि त्या मोजमापाला लाल रंग देण्याची रीत आहे. विद्यार्थिदशेत मी आमच्या भागाचे असे एक चित्र मोठ्या अभिमानाने घरी टांगले होते. खाली काही न लिहिता. काकांनी पाहिले आणि चिंतेने विचारले, “ऊस एवढा तांबडा कशानं पडला गं? रोग आलाय?” शेतकऱ्याने विचारलेला तो अगदी रास्त प्रश्न होता.

आपल्या चंद्रयानाचेही असेच झालेले मी पाहिले आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या चंद्रयान-१ वर एक अमेरिकी उपकरण होते, चंद्राच्या मातीतल्या खनिजांची ओळख पटवणारे. त्याच्या प्रमुख वर सांगितलेल्या कार्ली पीटर्सच. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांच्या गटाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल यांची खूण सापडल्याचे जाहीर केले. शोध फार मोठा. सोबत एक सुंदर चित्र आले. ध्रुवांकडे निळा, मध्ये हिरवा, जागोजागी लाल. त्यात निळा म्हणजे पाण्याची खूण, हिरवा म्हणजे परावर्तित अवरक्त प्रकाशाचा उजळपणा आणि लाल म्हणजे पायरोक्झिन हे लोहयुक्त खनिज. नंतर एका प्रदर्शनात मी हेच चित्र ‘चंद्रावरील निळे पाणी’ अशा मथळ्याखाली पाहिले. समोर उभी असलेली मुले तळी शोधत होती. ती खूण मातीच्या कणांना चिकटलेल्या अत्यल्प रेणूंची आहे, तिथली जमीन आपल्या कोणत्याही वाळवंटाहून कोरडी आहे, हे त्या मथळ्याने त्यांच्यापासून लपवले. अभिमान वाटावा असे काम आपल्याच यानावर झाले, आणि नेमके कोणते काम झाले तेच मुलांना कळले नाही.

याउलट चंद्रयान-३ चे एक चित्र. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्रोने प्रज्ञान या फिरत्या गाडीने टिपलेले विक्रमचे त्रिमिती चित्र प्रसिद्ध केले. लाल-निळ्या चष्म्यातून पाहण्याचे. चष्म्याशिवाय ते दुहेरी, फाटल्यासारखे दिसते. कुणीही विचारते, हे असे का? आपण कसे पाहायचे हे सांगूनच ते समोर येते, म्हणून त्याचा गैरसमज होत नाही.

राहिला नेपच्यून. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ त्याच्याजवळून गेले. त्याआधी जानेवारी १९८६ मध्ये त्याच यानाने युरेनस पाहिला होता. युरेनस फिकट हिरवट आणि नेपच्यून गडद निळा, हा फरक तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत, तक्त्यांत आणि प्रश्नमंजूषांत पक्का बसला. नेपच्यूनवरचे पट्टे, ढग आणि वारे नीट दिसावेत म्हणून ती चित्रे गडद केलेली होती आणि त्या वेळी तसे सांगितलेलेही होते. हळूहळू चित्र राहिले, सांगणे विसरले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण आणि चिलीमधली एक मोठी दुर्बीण यांच्या मोजमापांवरून रंगांचा हिशेब पुन्हा मांडला. दोन्ही ग्रह जवळजवळ सारखेच, फिकट हिरवट-निळे. नेपच्यून किंचित अधिक निळा, तो तिथला धुरकट थर विरळ असल्यामुळे. हा हिशेब यायला जवळजवळ पस्तीस वर्षे गेली. जाणकारांना हे आधीही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना.

त्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला निघताना विचारले, “मग हे तक्ते काढून टाकू का?” मी म्हटले, मुळीच नको. मुलांना खाली एक एक ओळ लिहायला सांगा. कोणते यान, कोणते वर्ष, कशाने मोजले, रंग कुणाचा, उंची किती पट. पंधरवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. शुक्राखाली मुलांनी लिहिले आहे : ‘मॅगेलन, रडार. उंची ताणली आहे. रंग व्हेनेराचा. वरचे काळे म्हणजे आकाश नाही.’ नेपच्यूनखाली लिहिले आहे : ‘व्हॉयेजर-२, १९८९. रंग गडद केला आहे.’ ‘नेपच्यूनचा रंग कोणता?’ हा प्रश्न प्रश्नपेढीत आहे आणि त्याचे उत्तर छापलेले आहे, तेव्हा परीक्षेत मुलांनी काय लिहावे, असे सरांनी विचारले. मला ठाम उत्तर देता आले नाही. आणि तो लालभडक मंगळ कोणत्या यानाने टिपलेला, कुठून घेतलेला, हे त्या तक्त्यावर कुठेच छापलेले नाही. मुलांनी खूप शोधले. तिथली ओळ अजून कोरी आहे.